ओल्या कागदाचा ठसा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शिलालेख उतरवून घ्यायची जी साधनं एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, त्यांतलं हे सर्वांत स्वस्त साधन: जाड कागद, पाणी आणि ब्रश. भिजवलेला कागद ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि पूर्ण वाळल्यावर सोलून काढायचा. सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणावर आठ महिने वापरल्यावरचं मत आधीच सांगून टाकतो. अक्षराची खोली हवी असेल तर याला तोड नाही. घाई असेल तर याच्या वाटेला जाऊ नये.

निम्मं काम कागदच करतो. खळ न लावलेला, सुती लगद्याचा जाड कागद लागतो. प्रयोगशाळेतला जाड गाळणकागद उत्तम. हातकागद घ्यायचा तर दुकानातच पाण्याचा थेंब टाकून बघावा. थेंब लगेच जिरला तर कागद कामाचा. मोत्यासारखा वर बसून राहिला तर खळ आहे, हा कागद दगडाच्या खाचेत उतरणार नाही. ब्रश डुकराच्या केसांचा, दाट, केस तीन-चार सेंटिमीटर लांब. बूटपॉलिशचा नवा कोरा ब्रश चालतो. कपड्यांचा नायलॉनचा ब्रश मात्र ओला कागद हमखास फाडतो.

आधी दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. शेवाळ, माती निघाली पाहिजे. तारेचा ब्रश, आम्ल, साबण काही नको. दगड ओला असतानाच भिजवलेला कागद वरच्या कडेने टेकवून खाली सोडायचा. मग मधून कडांकडे ठोकत जायचं, म्हणजे हवा बाहेर पडते. ब्रश दगडाला काटकोनात आपटायचा, ओढायचा नाही. ओढला की कागदाचा लगदा गोळा होतो आणि अक्षराच्या कडा बोथट येतात. खोल अक्षरावर कागद फाटला तर घाबरू नये: ओल्या कागदाचा तुकडा वर ठेवून पुन्हा ठोकला की एकजीव होतो. खोदकाम खोल असेल तर सरळ दुसरा थरच द्यावा. लेख मोठा असेल तर शेजारचे दोन कागद चार-पाच सेंटिमीटर एकमेकांवर चढवावेत. कागद दगडावर असतानाच पेन्सिलीने ठिकाण, तारीख, कागदाचा क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण लिहावा. हे राहून गेलं तर घरी आल्यावर सहा कागदांचं कोडं सोडवत बसावं लागतं.

बिघडतं ते बहुतेक वाळताना. डोंगरावरच्या उन्हात वरची कड आधी सुकते, आक्रसते आणि कागद सोलत खाली येतो. त्यामुळे कडांवर मधूनमधून पाणी फवारत राहावं, आतला भाग आधी सुकू द्यावा. घाटमाथ्यावर वारा हा खरा शत्रू. ओल्या दगडावर चिकटपट्टी धरत नाही, तेव्हा वरच्या दोन कोपऱ्यांना दोन माणसं हवीत. पावसाळ्यात हा उद्योगच नको. शेंदूर-तेल चढलेल्या वीरगळावर पाणी धरत नाही, कागद घसरतो. आणि तो शेंदूर खरवडायचा आपल्याला अधिकारही नाही. पापुद्रे सुटणारा किंवा रंग असलेला दगड असेल तर ओला कागद लावूच नये. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी.

एवढा खटाटोप कशाला, तर आकड्यांसाठी. ब्राह्मी या प्राचीन लिपीत 1, 2, 3 म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा. 100च्या चिन्हाला उजवीकडे एक रेघ जोडली की 200, दोन जोडल्या की 300. आपल्या बेसाल्टला जागोजागी वायूच्या पोकळ्यांची छिद्रं असतात. फोटोत छिद्र आणि झिजलेली रेघ दोन्ही काळीच दिसतात. ठशात मात्र छिद्राचा गोल बोंडासारखा उंचवटा येतो आणि छिन्नीच्या रेघेचा लांबट, दोन्ही बाजूंना उतार असलेला. नुसत्या नजरेने केलेल्या नकलेत नक्कल करणाऱ्याला जे दिसलं तेच उतरतं. म्हणूनच 1835 मध्ये मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांच्यासाठी गिरनारचा लेख कापडावर उतरवून घेतला गेला. 1837 मध्ये ब्राह्मी वाचू पाहणाऱ्या जेम्स प्रिन्सेपला सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांचे ठसे मिळाले. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं होती. ती ‘दानं’ असावीत हे त्याने ओळखलं आणि लिपीचं कुलूप उघडलं.

कागद पूर्ण वाळल्याशिवाय काढू नका, हा नियम मोडणं किती महागात पडतं ते मवाबचा प्राचीन राजा मेशा याच्या शिलेवरून कळतं. मृत समुद्राच्या पूर्वेला धिबानमध्ये 1868 साली ही 34 ओळींची शिला नजरेस आली. पुढच्या वर्षी फ्रेंच अभ्यासक क्लेरमाँ-गानोने पाठवलेल्या माणसाने तिच्यावर ओला कागद लावला, तेवढ्यात तिथे मारामारी जुंपली आणि कागद ओलाच ओढून काढावा लागला. त्याचे तुकडे झाले. पुढे शिला तापवून, वर थंड पाणी ओतून फोडण्यात आली. आज लूव्र संग्रहालयात ती जोडलेली दिसते, तिच्यातल्या हरवलेल्या भागांसाठी त्याच चुरगळलेल्या कागदाचा आधार घेतला गेला. फाटका ठसाही टाकून देऊ नये, तो यासाठीच.

शाईचा ठसा वेगळा. त्यात कागद जवळजवळ सुकल्यावर शाईच्या पुरचुंडीने हलके थोपटतात. काळ्यावर पांढरी अक्षरं येतात, छापायला आणि वाचायला सोपी. पण खोली जाते, आणि शाई जरा पातळ झाली की कागदातून पाझरून दगडावर डाग पडतो. मोबाइलच्या फोटोंवरून तयार केलेली त्रिमितीय प्रतिकृती दगडाला हात न लावता होते, हा तिचा मोठा गुण. उथळ, झिजलेल्या अक्षरांना मात्र फोटो घेतानाचा उजेड नीट तिरपा नसेल तर ती गुळगुळीत करून टाकते. ओला ठसा आणि प्रतिकृती, दोन्ही करावं.

वाचताना दगडाला लागलेली बाजू घ्यावी. तिथे अक्षरं उठावदार पण उलटी असतात. डावीकडून टॉर्चचा तिरपा झोत टाकून फोटो काढावा आणि तो आडवा उलटवावा. ठसे एकावर एक रचून वर पुस्तकं ठेवली तर अक्षरं चपटी होतात, म्हणून उथळ खोक्यात मऊ कागद घालून सुटे ठेवावेत. कसर लागते, तेव्हा दर दोन महिन्यांनी खोकं उघडून बघावं. ब्रशचे केस वीसेक ठशांनंतर फाकायला लागतात. बदलायचा म्हटला तर तेवढाच काय तो खर्च.