मेंदूच्या दुखापतीनंतर पुन्हा गाडी चालवता येईल का? दादरच्या एका तपासणी केंद्राचा अनुभव

डोक्याला मार लागून मेंदूच्या उजव्या भागात रक्तस्राव झालेले माझे थोरले बंधू हिंडूफिरू लागले, हाताची पकड परत आली आणि त्यांनी लगोलग गाडीची किल्ली मागितली. डॉक्टरांनी हो-नाही काहीच न म्हणता आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (आजारपणानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडून) तपासून घ्यायला सांगितले, म्हणून आम्ही दादर पूर्वेच्या एका लहान केंद्रात गेलो. तेथे आधी खोलीत तपासणी होते आणि मग दुहेरी ब्रेकच्या गाडीतून रस्त्यावर. पहिला टप्पा उत्तम आणि दुसरा अर्धाकच्चा, असे माझे मत झाले आहे.

हातापायांची ताकद पाहण्यात फारसा वेळ गेला नाही. लक्ष, नजर आणि निर्णयाचा वेग यांवरच सारा भर होता. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरे आळीपाळीने रेघेने जोडत जाण्याची ‘ट्रेल मेकिंग’ चाचणी वरवर पोरखेळ वाटते. पण सिग्नल, रस्ता ओलांडणारी माणसे आणि मागचा हॉर्न यांचे एकाच वेळी भान ठेवण्याची कुवत कितपत उरली आहे, याचा अंदाज तिच्यातून येतो. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या बंधूंना क्रम तोंडपाठ होता, मात्र कागदाच्या डाव्या कडेची वर्तुळे त्यांना काही केल्या सापडेनात. थेरपिस्टने बोट ठेवून दाखवली, तेव्हा ‘ही तुम्ही आत्ता काढलीत का?’ असे त्यांनी तिलाच विचारले.

त्यानंतर तिने जे समजावून सांगितले, त्यासाठीच मी या केंद्राची शिफारस करीन. दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग गेला, तर रुग्णाला ते बहुधा कळते आणि तो मान वळवून पाहू लागतो; बंधूंच्या बाबतीत मात्र डोळे शाबूत असूनही मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही, आणि काही निसटते आहे याची जाणीवही रुग्णाला नसते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे फुटपाथवरून अचानक उतरणारी माणसे, बसथांबे, मध्येच थांबणारी टॅक्सी आणि फटीतून घुसणाऱ्या दुचाक्या, सारे त्याच बाजूला येते. इतक्या नेमक्या शब्दांत हे आम्हाला रुग्णालयात कोणीही सांगितले नव्हते.

रस्त्यावरची तपासणी सकाळी फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात झाली. एका वळणावर डावीकडून स्कूटर आली आणि शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला ब्रेक दाबावा लागला. थेरपिस्टने मागच्या सीटवरून शांतपणे विचारले, ‘काका, स्कूटर दिसली होती का?’ ‘कुठली स्कूटर?’ हे त्यांचे उत्तर तिने जसेच्या तसे टिपून घेतले.

तक्रार आहे ती प्रशिक्षकाबद्दल. तो एका मोटार ट्रेनिंग स्कूलमधून भाड्याने आणलेला होता आणि उमेदीची सारी वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला ‘क्लच हळू सोडा’ हेच शिकवीत राहिला. थेरपिस्टचा सल्ला ऑटोमॅटिक गाडीचा, आणि तपासणीला गाडी मात्र गिअरची! शिवाय फ्लायओव्हरवर चढताना वाहतुकीत मिसळणे, रात्रीचे दिवे, पाऊस यांपैकी कशाचीच परीक्षा झाली नाही. (केंद्र जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही; येथे येणारे रुग्ण कोण असतात, याचा विचार जागा घेताना व्हायला हवा होता.)

अहवालात ‘तूर्तास गाडी चालवू नये’ असे कारणांसह स्पष्ट लिहिले होते. सोबत नजर डाव्या कडेपर्यंत नेण्याचे सराव आणि काही महिन्यांनी फेरतपासणीचा सल्लाही होता. बंधू नाराज झाले. मला मात्र गुळमुळीत होकारापेक्षा हा नकार पैसे वसूल करणारा वाटला. परवान्याच्या बाजूबद्दल अहवालात अवाक्षर नाही, ही मोठी उणीव. परवान्यासाठीच्या नमुना 1 मधील स्वयंघोषणेत अपस्मार (फिट येण्याचा आजार) किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असे थेट विचारले जाते, आणि डोक्याच्या दुखापतीनंतर झटके येऊ शकतात. तेव्हा झटका येऊन गेला असेल, तर येथे येण्याआधी न्यूरोलॉजिस्टचे मत घ्यावे. ज्यांचा प्रश्न केवळ हातापायांच्या ताकदीचा आणि गाडीतील फेरबदलांचा आहे, त्यांना येथे फारसे काही मिळणार नाही. चालताबोलता माणूस ठणठणीत दिसतो, पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, असे ज्या घरात घडत असेल, त्यांनी मात्र पहिल्या टप्प्यापुरते तरी येथे जरूर जावे.