वेल्डिंग मारलेली गाडी नॉन-ॲक्सिडेंटल म्हणून गळ्यात मारली, खान्देशातल्यांनो सावध राहा

केळीच्या पट्टीचे पैसे आले म्हणून हायवेलगतच्या एका डीलरकडून 3,85,000 ला सेकंडहँड गाडी घेतली, 11,000 टोकन, बाकी आरटीजीएस, आणि नावावर करायचे 8,500 वेगळे. डीलर म्हणाला, "डॉक्टरची गाडी आहे भो, एक ओरखडा नाही, बिनधास्त घे."

दोन महिन्यात डावीकडचं पुढचं टायर आतून खाल्लं गेलं. दोन नवीन टायर 9,800, अलाइनमेंट दोनदा 1,200, तरी गाडी डावीकडेच ओढते. चाळीसगावचा घाट उतरताना ब्रेक मारला तर स्टेअरिंग हातात राहीना. मग मिस्तरीने लिफ्टवर घेऊन काळा कोट खरवडला तर डावा लाँग मेंबर कापून जोडलेला! ज्याच्या आधारावर इंजिन बसतं, समोरून धडक बसली की जो चुरगळून मार झेलतो तोच गॅस वेल्डिंगने डकवलेला, आणि तापवलेल्या पत्र्यात मूळची ताकद राहत नाही.

आणि मला ते दिसलं होतं हो. घेताना बोनट उघडलं तेव्हा हेडलाइटमागे जाड वेल्डिंगची रेघ होती, कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके उजवीकडे होते आणि डावीकडे नव्हते, बाकी सगळीकडे धूळ आणि तेवढ्याच जागी ताजा काळा रंग. विचारलं तर डीलर म्हणाला गंज लागू नये म्हणून मारलंय. अन् मी मान डोलावली. आजही ते आठवलं की झोप लागत नाही. पण मी शेतकरी माणूस, आरसी चेक केली, चेसिस नंबर जुळवला, अजून काय करणार होतो? सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर ॲक्सिडेंट दिसतच नाही! जुन्या मालकाची पॉलिसी मागा, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) शून्य असेल तर क्लेम झाला होता का, कशाचा, ते विचारा. फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टचा रंग उडालाय का, म्हणजे तो खोलला होता का, ते बघा.

पोलीस स्टेशनला तीन चकरा, "हा दिवाणी मॅटर आहे". आरटीओत म्हणे कागद बरोबर आहेत, आमचं काम संपलं. अहो कागदावर बसून घाट उतरायचा का मी? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, डीलरने उत्तरच दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, 5 लाखापर्यंत फी नाही, पण 2 वर्षांच्या आत जावं लागतं, आणि "नॉन-ॲक्सिडेंटल" हे लेखी घेतलेलं असलं तर बरं. माझ्याकडे फक्त व्हॉट्सॲपचा एक व्हॉइस मेसेज आहे, तेवढा जपून ठेवलाय.

एकूण 4,04,500 गेले. गाडी खळ्यात उभी आहे, पोरांना तिच्यात बसू देत नाही.