एक्स२७.१६८ स्टेपर मोटर: अख्खा मीटर बदलण्याआधी ही बघा

स्पीडोमीटरचा काटा अडकला किंवा चावी काढल्यावरही अर्ध्यावरच उभा राहिला, की वर्कशॉपमध्ये एकच उत्तर मिळतं: मीटर गेला, कन्सोल (सगळे काटे असलेला अख्खा मीटर) बदला. नव्या कन्सोलला हजारो रुपये लागतात. पुष्कळदा गेलेली असते ती काट्यामागची छोटी स्टेपर मोटर (ठरावीक बारीक टप्प्यांनी फिरणारी मोटर), आणि ती ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. एक्स२७.१६८ हा त्यातला सर्रास सापडणारा प्रकार. भाग चांगला आहे, पैसे वसूल करणारा आहे. फक्त निदान आधी नीट करा.

सगळेच काटे एकदम मेले असतील तर मोटरला हात लावू नका. फ्यूज, अर्थिंग आणि मागचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) तपासा. गोव्यात समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि पावसाळ्यात तो त्रास देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश एवढ्यावर काम भागतं. फक्त पेट्रोलचा काटा चुकत असेल तर आधी टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) बघा. किलोमीटर मोजले जाताहेत पण वेगाचा काटा हलत नाही, म्हणजे सेन्सरचा सिग्नल मीटरपर्यंत येतोय. मग संशय मोटरवर. आरपीएमसाठी (इंजिनच्या फेऱ्यांसाठी) ओबीडी स्कॅनर लावा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं उपकरण. मोबाइलवर आकडा बरोबर आणि काटा थरथरतोय, तर दोष मीटरच्या आतच.

मोटरला चार पिना, आत दोन कॉइल आणि प्लास्टिकचे गियर. काटा साधारण ३१५ अंश फिरतो. गियर झिजले की काटा अडकतो किंवा उड्या मारतो. मल्टिमीटरवर प्रत्येक कॉइल २८० ओहमच्या आसपास दिसली पाहिजे. स्वस्त नकलांमध्ये इथेच फरक सापडतो, म्हणून नवी मोटरही बसवण्याआधी मोजा आणि शाफ्ट (काटा बसतो तो दांडा) चिमट्याने फिरवून बघा. खरखर लागली तर परत पाठवा. ऑर्डर देण्याआधी कन्सोल उघडून जुन्या मोटरवरचा नंबर वाचायलाच हवा. सगळ्या गाड्यांत हीच मोटर नसते, आणि शाफ्टची लांबी किंवा आतला स्टॉप (फिरणं जिथे अडतं ती जागा) वेगळा असला तर काटा शून्यावर बसत नाही.

बसवताना खरी कसोटी काट्याची. चावी ऑन करून सगळ्या काट्यांचा फोटो काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढून कन्सोल बाहेर घ्या. काटा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, डायलवर कायमचा ओरखडा उठतो. डायलवर कापड ठेवून दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा उचला. जुनी मोटर डिसोल्डरिंग विकने (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची जाळीदार पट्टी) काढा. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास, एका पिनवर दोन-तीन सेकंद. जास्त वेळ धरलं तर बोर्डावरचा तांब्याचा पॅडच सुटून येतो, आणि मग स्वस्त काम महाग होतं. नवी मोटर बोर्डाला सपाट टेकल्याशिवाय सोल्डर करू नका, ती तिरकी बसली तर काटा डायलला घासतो. काटा आधी हलकाच ठेवा, मीटर जोडून चावी ऑन करा, मोटर स्वतःचं शून्य शोधून थांबली की फोटोप्रमाणे काटा लावून दाबा. कन्सोल उघडलाच आहे तर बाकीच्या मोटरीही बदला, त्याही तेवढ्याच जुन्या आहेत.

सोल्डरिंगचा हात नसेल तर म्हापसा, मडगाव, फोंडा इथले ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम करून देतो. मोटर आपणच घेऊन जावी. म्हापशाला जाणार असाल तर शुक्रवार टाळा, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.

भंगारातल्या जुन्या कन्सोलपेक्षा हा मार्ग मला कितीतरी बरा वाटतो. किलोमीटरचा आकडा मीटरच्या मेमरीत असतो. दुसऱ्या गाडीचा कन्सोल लावला की त्या गाडीचा आकडा येतो आणि विकताना प्रश्न उभे राहतात. फोक्सवॅगन पोलो, व्हेंटोसारख्या गाड्यांत इमोबिलायझरही (चोरी रोखणारी, चावी ओळखणारी यंत्रणा) मीटरशी जोडलेला असतो, त्यामुळे परका मीटर कोडिंगशिवाय (त्या गाडीशी कॉम्प्युटरने जुळवून घेतल्याशिवाय) लावला तर इंजिन चालत राहत नाही. मोटर बदलताना यातल्या कशालाच धक्का लागत नाही. मात्र डिस्प्लेवरचे आकडे तुटक दिसत असतील तर ही मोटर कामाची नाही. तो दोष डिस्प्लेच्या जोडणीचा आणि त्याचा कारागीर वेगळा.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या ६० च्या वेगाने जाऊन शेजारी बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग वाचायला सांगा. मीटर दोन-चार किलोमीटर जास्त दाखवत असेल तर ठीक. कमी दाखवत असेल तर काटा पुन्हा काढून लावावा लागेल.