डक्टाइल डिटेलिंगचे वेगळे 18,000 घेतले आणि रिंगा साध्याच मारल्या

लाज वाटते लिहायला, पण तुमचं बांधकाम अजून कॉलमच्या वर गेलं नसेल तर वाचाच. जी प्लस टू घर, खाली पार्किंग. इंजिनिअरने डिझाइनचे घेतले 60,000 (40,000 ऑनलाइन, 20,000 रोख, पावती नाही, हो माहितीये) आणि "भूकंपासाठी डक्टाइल डिटेलिंग" (हादऱ्यात कॉलम वाकला तरी तुटू नये असं स्टील बांधणं) म्हणून वर 18,000.

पार्किंगच्या कॉलमचं स्टील बांधत होते तेव्हाच कळायला हवं होतं. फिटर रिंगेचा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या सळईचा) टोकाचा हूक 90 अंशाला वाकवून सोडत होता. मी मोबाइलवर ड्रॉइंग दाखवलं, त्यात 135 आणि कॉलमच्या टोकांना 100 मिमीवर रिंगा. तो हसला, "साहेब, असं वाकवलं तर रिंग बसवायला दिवस जाईल." टेप लावला तर अंतर 200. इंजिनिअरला फोन केला, "चालतं हो, काँक्रीट पडलं की सगळं सारखंच." आणि मी टेप खिशात टाकला! सकाळी काँक्रीट ठरलेलं, मजूर सांगितलेले, तुम्ही थांबवलं असतं का?

नंतर भाच्याने फोटो झूम करून बघितले (टेप लावून फोटो काढा, तेवढाच पुरावा माझ्याकडे आहे) आणि डिझाइनचा रिपोर्ट उघडला. त्यात आर (भूकंपाचा भार ज्याने भागतात तो आकडा) 5 धरलाय, म्हणजे इमारत डक्टाइल आहे असं समजून भूकंपाचा भार 5 ने भागलाय. 2016 च्या आयएस 1893 मध्ये (भूकंपाचा भारतीय कोड) कॉलम-बीमच्या साध्या फ्रेमला आर 3 च, आणि ती भूकंपाच्या झोन 3 मध्ये चालतच नाही, त्यातल्या नकाशात पुणे-मुंबई झोन 3, आम्हीपण. सवलत डक्टाइलची घेतली, काम साधं. हादऱ्यात कव्हर (स्टीलवरचा काँक्रीटचा थर) उडतं, 90 चा हूक उघडतो, मग उभ्या सळया वाकतात. 2001 ला अहमदाबादेत अशाच खाली मोकळं पार्किंग असलेल्या इमारती बसल्या होत्या. वाऱ्याचं तर रिपोर्टमध्ये पानच नाही, गच्चीवर पत्र्याचा शेड आहे आणि वारा पत्रा वर ओढतो हे मलाही माहितीये.

पालिकेत गेलो, "सही लायसन्सवाल्याची आहे ना, मग झालं." सहीवाल्याला गाठलं तर त्याने साइट बघितलेलीच नाही, सही भाड्याने दिलेली! त्याला आधीच भेटा, मी नाही भेटलो. पोलीस म्हणे दिवाणी मॅटर आहे. परत पालिका, "लेखी द्या", लेखी दिलं तर म्हणतात मालक तुम्ही, नोटीस तुम्हालाच निघेल. चार चकरा, हातात एक पोच.

9 कॉलमच्या जॅकेटिंगचं (कॉलमभोवती नवं स्टील-काँक्रीट चढवायचं) कोटेशन 3,42,000 आलंय. इंजिनिअर फोन उचलत नाही, स्टेटसला मात्र काल नव्या साइटच्या कॉलमचा फोटो. झूम केला. 90.