अ‍ॅमोलेड फोन घेतला, पण रात्री डोळ्यांची वाट लागते

कलर मस्त, उन्हातपण स्क्रीन क्लिअर दिसते, तक्रार फक्त रात्रीची. लाईट बंद करून ब्राइटनेस कमी केला की अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं, जुन्या एलसीडी फोनवर कितीही वाचलं तरी असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटर स्पीड वाढवून बघितलं तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले! ब्राइटनेस कमी दाखवायला स्क्रीन सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होते, पीडब्ल्यूएम म्हणतात त्याला. सगळ्यांना त्रास होत नाही, बायकोला काहीच जाणवत नाही. सेटिंगमध्ये डीसी डिमिंगपण (स्क्रीन अशी बंद-चालू न करता ब्राइटनेस कमी करायचा पर्याय) नाहीये. डोळे नाजूक असतील तर दुकानातच ब्राइटनेस अगदी खाली आणून 10 मिनिटं वाचून बघा, मगच पैसे द्या.