वाइन कमी भरली, तर पाणी घालावे की भांडे बदलावे?

सांगली जिल्ह्यात, विशेषतः तासगाव-पलूस भागात, द्राक्षांची वाइन परवाना घेऊन लहान प्रमाणावर करणाऱ्याला साका (तळाशी बसलेला गाळ) काढल्यावर २० लिटरच्या बरणीत १७ लिटरच उरलेले दिसते, कारण यीस्ट, साली आणि गर तळाशी बसताना बरीच वाइन स्वतःबरोबर धरून ठेवतात. रिकाम्या जागेतल्या हवेमुळे वाइनचा शिरका (व्हिनेगर) होऊ शकतो, म्हणून ती जागा राहू देऊ नये.

पहिला मार्ग उकळून गार केलेले पाणी घालण्याचा. तो सोपा आहे. पण १२ टक्के मद्यार्काच्या १७ लिटर वाइनमध्ये ३ लिटर पाणी घातले, की मद्यार्क १०.२ टक्क्यांवर येतो आणि आम्लता व सुगंधही त्याच प्रमाणात पातळ होतात. उन्हाळ्यात पिकलेल्या द्राक्षांत आम्लता मुळातच कमी असल्याने हे नुकसान जास्त जाणवते, आणि कमी आम्लतेत जिवाणूंनाही वाढायला वाव मिळतो.

दुसरा मार्ग १५ लिटरची बरणी व १ लिटरच्या दोन बाटल्या काठोकाठ भरण्याचा. त्यासाठी जास्तीची स्वच्छ भांडी लागतात, पण वर हवा राहत नाही व वाइनचा शिरका होण्याचा धोका घटतो. मला हाच मार्ग निःसंशय योग्य वाटतो. पुढच्या हंगामात मात्र साक्याचा हिशेब धरून द्राक्षेच जास्त घ्यावीत.