गार्मिन ईट्रेक्स ३२एक्स: जिओकॅशिंगसाठी आठ महिने वापरल्यानंतर

हातात फोन असताना वेगळं जीपीएस यंत्र कशाला, हे मला घरच्या-दारच्या सगळ्यांनी विचारून झालंय. पहिली दोन वर्षं मीही फोनवरच कॅश, म्हणजे जिओकॅशिंगच्या खेळात लपवलेले डबे, शोधत होते. पण इथे अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला ऑक्टोबरात सुरू झालेला पाऊस मेपर्यंत रेंगाळतो, आणि ओल्या काचेवर बोट टेकवलं की नकाशा भलतीकडे पळतो. कोलंबिया नदीच्या खोल दरीत रेंज जाते, आधी उतरवून न घेतलेला नकाशा कोरा राहतो. एकदा अंधार पडत असताना परतीच्या वाटेवर फोनची बॅटरी संपली. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा. त्या रात्री घरी आल्यावर यंत्र घ्यायचं ठरवलं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी: कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या साइटवर टाकतो. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि होता तसा, होता तिथेच ठेवायचा. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा ठेवला. ती जागा आमच्या घरापासून गाडीने जाऊन येण्याइतकी जवळ आहे. तिथे आता स्मृतिफलक आहे.

निवड करताना मी मुख्यतः ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स यांतच अडकले होते. दोन्हीचा स्क्रीन २.२ इंची, दोन्हीत ८ जीबी मेमरी आणि मेमरी कार्डाची सोय, दोन्ही दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या सांगण्यानुसार २५ तास चालतात. ३२एक्समध्ये जास्तीचं काय, तर इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा सेन्सर. उंचीचं मला फारसं काही नाही. पण होकायंत्रासाठी जास्तीचे पैसे द्यावेत का, याचं माझं उत्तर आता ठाम आहे: द्यावेत.

कारण सांगते. होकायंत्र नसलेलं यंत्र तुमची दिशा तुमच्या चालण्यावरून काढतं. वाटेवर भराभर चालताना त्याचा बाण झकास चालतो. पण कॅशपाशी आलात की तुम्ही थांबता, वाकता, एका झाडाभोवती फिरता, आणि नेमका तिथे बाण गरगरायला लागतो. इथल्या फॉरेस्ट पार्कमधल्या उंच डग्लस फर झाडांखाली उपग्रहांचे संकेत आधीच फांद्यांतून अडखळत येतात. ३२एक्स हातात सपाट धरून जागच्या जागी वळलं, तरी बाण कॅशकडेच राहतो. सेल बदलल्यावर मात्र होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याची दिशा जुळवून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण एकदा विसरले आणि अर्धा तास नेच्यांच्या चुकीच्या जाळीत शिरून बसले.

तरीही शेवटचे पाच-दहा मीटर कुठलंच यंत्र सोडवून देत नाही. ही गोष्ट मला बाबांनी शिकवली. ते उन्हाळ्यात नागपूरहून तीन महिने आले होते. मी यंत्राकडे बघत एकाच बुंध्याभोवती घुटमळत होते. ते म्हणाले, "अगं, तू आकडा शून्य व्हायची वाट का बघतेस? सरळ चालत पुढे जा, बाण मागे वळला की तिथे काठी रोव. मग आडव्या बाजूने ये." दोन बाजूंनी आले. दोन्ही रेषा जिथे छेदत होत्या, तिथे पडलेल्या ओंडक्याच्या पोटात, शेवाळाखाली, फिल्मची डबी होती. त्या दिवसापासून आम्ही असंच शोधतो.

अक्षांश-रेखांशाचा साचा पहिल्याच दिवशी तपासा, ही माझी कळकळीची विनंती. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. अक्षांश ४५° १७.४६० असा लिहिलेला असताना मी तो १७ मिनिटं ४६ सेकंद समजून भरला. फरक साडेपाचशे मीटरहून जास्त. हाताने भरताना शेवटचा आकडाही नीट बघा, मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण जवळपास दोन मीटर.

पेन्सिल सेल हा मला सगळ्यात आवडलेला भाग. मी चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरते, यंत्रात सेलचा प्रकार तसा निवडला की शिल्लक चार्ज बरोबर दिसतो. थंडीत लिथियमचे दोन सेल खिशात असतात. हातमोजे घातलेल्या हातांनीही बटणं आणि छोटी काडी दाबता येते, उन्हातही स्क्रीन वाचता येतो.

कॉम्प्युटरला जोडायला जुन्या मिनी यूएसबीची केबल लागते, ती बॅगेत वेगळी ठेवा. ब्लूटूथ नाही. त्यामुळे आदल्या रात्री जीपीएक्स फाइल (कॅशची जागा आणि माहिती असलेली) यंत्रात भरायची सवय लावावी लागते, आणि त्या फाइलींसाठी साइटचं पैसे भरून सभासदत्व घ्यावं लागतं. ते एकदा जमलं की वर्णन, शोधायला मदत करणारी हिंट, आधीच्या लोकांच्या नोंदी, सगळं रेंजशिवाय वाचता येतं. ज्यांना फोनशी जोडणी हवीच आहे त्यांनी ईट्रेक्स एसई बघावं, मात्र त्यात नकाशा नाही.

इथून भारतात कुणासाठी यंत्र नेणार असाल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं मॉडेल नेऊ नका. परवानगीशिवाय तशी उपकरणं तिथे चालत नाहीत. ३२एक्स उपग्रहांकडून नुसते संकेत घेतं, त्यांच्याकडे पाठवत काही नाही.

गेल्या महिन्यात आम्ही आमची स्वतःची पहिली कॅश ठेवली. जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायला यंत्रातली सरासरी काढायची सोय वापरली, तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन. बाबा आता फोनवर पहिलं हेच विचारतात, वहीत किती सह्या झाल्या.